बाळाच्या लशी: कोणत्या प्रत्येकाला, कोणत्या आपल्या बाळाला

इंदूरमध्ये बाळ झालं की घरात दोन कागद येतात. एक सरकारी, 'मातृ एवं शिशु सुरक्षा कार्ड', ज्याला सगळेच एमसीपी कार्ड म्हणतात. दुसरी खासगी बालरोगतज्ज्ञांची फाइल. दोन्हीत लशींचे तक्ते असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. फाइलमध्ये चार-सहा नावं जास्त असतात आणि त्यांच्यापुढे पैसे भरावे लागतात. मग घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणतात, "आमच्या वेळी एवढं कुठं होतं?" बाबा म्हणतात, "महागडी घेऊ, एकुलतं एक आहे." बाळाची आई मधल्या मध्ये गोंधळून जाते.

मी इंदूरमध्ये परिचारिका म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं लसीकरणाच्या टेबलावर गेली. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर, राजेंद्रनगर इथल्या आपल्या मराठी घरांतून लेकी-सुना अजूनही फोन करतात, कार्डाचा फोटो पाठवतात. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: सरकारी यादीतली प्रत्येक लस वेळेवर पूर्ण करणं हे पहिलं काम. निवडक लशींचा विचार त्यानंतर. त्या निवडताना किंमत बघू नका आणि घाबरूनही निवडू नका. आपलं बाळ कुठं राहतं, काय पितं-खातं, त्याच्या शरीरात काही वेगळं आहे का आणि ते कुठं जाणार आहे, हे बघा.

बाळ पोटात असताना

लसीकरण इथूनच सुरू होतं. गर्भवतीला टीडीचे (धनुर्वात-घटसर्पावरच्या लशीचे) दोन डोस मिळतात, चार आठवड्यांच्या अंतरानं. आधीचं बाळंतपण तीन वर्षांच्या आत झालं असेल आणि तेव्हा दोन्ही डोस झाले असतील, तर एकच बूस्टर पुरतो. यानं आई आणि बाळ दोघांनाही धनुर्वातापासून संरक्षण मिळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि हमखास दुर्लक्षित होणारी. गरोदरपणातल्या रक्ततपासण्यांत हिपॅटायटिस बीची तपासणी असते. तिचा रिपोर्ट शोधा, वाचा आणि प्रसूतीच्या बॅगेत वर ठेवा. आईला हा विषाणू असेल तर बाळंतपणात तो बाळाकडे जाऊ शकतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो आणि पुढं यकृत खराब करतो. अशा बाळाला नेहमीची लस तर द्यायचीच, शिवाय पहिल्या १२ तासांत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही द्यायचं. हे इंजेक्शन सगळ्या बाळांना लागत नाही, पण ज्याला लागतं त्याच्यासाठी त्या दिवशी याहून जास्त गरजेचं काही नसतं. ते सगळीकडे तयार ठेवलेलं नसतं. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून त्याची सोय करा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर औषधाची दुकानं पालथी घालायची वेळ येऊ देऊ नका.

दवाखान्यातून घरी निघण्याआधी

कार्ड उघडून तीन नोंदी बघा: हिपॅटायटिस बीचा जन्मडोस, पोलिओचा शून्य डोस आणि बीसीजी (क्षयरोगावरची लस).

हिपॅटायटिस बीचा जन्मडोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो. पोलिओचे थेंब पहिल्या १५ दिवसांत चालतात. बीसीजी जन्मतःच देतात, राहून गेली तर वर्षाच्या आत कधीही देता येते. इथं एक गोंधळ नेहमी होतो. जन्मल्याबरोबर मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. घरचे समजतात, लस झाली. ते इंजेक्शन रक्तस्राव होऊ नये म्हणून असतं, त्याचा लशीशी संबंध नाही.

बीसीजी राहून जाण्यामागे साधं कारण असतं. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात आणि द्रावणात मिसळल्यावर ती चार तासांत वापरावी लागते, नंतर फेकून द्यावी लागते. म्हणून लहान नर्सिंग होममध्ये आठवड्यातला एखादा दिवस ठरवून सगळ्या बाळांना एकदम बीसीजी देतात. तुम्ही त्याआधीच घरी गेलात तर ती राहते आणि पुन्हा जायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दवाखाना सोडताना विचारून तारीख कार्डावर लिहून घ्या.

बीसीजी डाव्या दंडावर देतात. दोन ते चार आठवड्यांनी तिथं पुळी येते, कधी फुटते, थोडा पू येतो आणि दोनेक महिन्यांत वण राहतो. असंच व्हायला हवं. हळद, तूप, मलम काहीही लावू नका.

दीड महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत: सगळ्यांसाठीची यादी

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. आज त्यात १२ रोगांवरच्या लशी मोफत मिळतात, त्यांपैकी ११ देशभर आणि बारावी, जपानी मेंदूज्वराची, ठरावीक जिल्ह्यांत. वेळापत्रक असं:

दीड महिना (६ आठवडे): पेंटाव्हॅलंट १, पोलिओ थेंब १, रोटाव्हायरस (जुलाबांवरचे) थेंब १, पोलिओचं इंजेक्शन १, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) १.

अडीच महिने (१० आठवडे): पेंटाव्हॅलंट २, पोलिओ थेंब २, रोटाव्हायरस २.

साडेतीन महिने (१४ आठवडे): पेंटाव्हॅलंट ३, पोलिओ थेंब ३, रोटाव्हायरस ३, पोलिओचं इंजेक्शन २, न्यूमोकोकल २.

नऊ महिने पूर्ण: गोवर-रुबेला १, न्यूमोकोकल बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन ३, व्हिटॅमिन ए आणि जिथं लागू असेल तिथं जपानी मेंदूज्वर १.

१६ ते २४ महिने: गोवर-रुबेला २, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ थेंब बूस्टर, जपानी मेंदूज्वर २. व्हिटॅमिन ए पुढं दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत.

पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा एक जंतू) अशा पाचांवरची लस एका सुईत येते. ती डाव्या मांडीत देतात, न्यूमोकोकल उजव्या मांडीत आणि पोलिओचं छोटं इंजेक्शन उजव्या दंडावर कातडीत. नऊ महिन्यांचं तिसरं मात्र डाव्या दंडावर. हे लक्षात ठेवलंत तर घरी गेल्यावर कुठं सूज आली आणि ती कशाची, हे तुम्हालाच कळेल.

एका दिवशी तीन सुया आणि दोन प्रकारचे थेंब बघून पालक घाबरतात आणि "आज एकच द्या, बाकीच्या पुढच्या आठवड्यात" म्हणतात. असं करू नका. एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी या सगळ्या लशी देणं सुरक्षित आहे. पुढं ढकलली की बाळ तेवढे दिवस उघडं राहतं. डांग्या खोकला सर्वांत जास्त जीवघेणा ठरतो तो पहिल्या काही महिन्यांतच, म्हणून तर वेळापत्रक एवढं दाट आहे.

गोवराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इकडे अंगावर पुरळ उठलं की "माता आल्या" म्हणत घरात थांबून राहण्याची पद्धत अजून गेलेली नाही. गोवर झालेल्या मुलाच्या सहवासात आलेल्या, लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना गोवर होऊ शकतो. नंतर न्यूमोनिया, जुलाब, डोळे जाणं, मेंदूला सूज हे सगळं त्यातूनच येतं. आणि एक डोस पुरत नाही. नऊ महिन्यांचा डोस सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. उरलेल्यांसाठी दुसरा डोस आहे. दीड वर्षाच्या सुमाराला मूल धावायला लागलेलं असतं, आई परत कामावर गेलेली असते आणि नेमका हाच डोस सुटतो. फोनमध्ये आत्ताच आठवण लावून ठेवा.

पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब याच्या जोडीला आहेत. कार्ड पूर्ण असलं तरी ते द्या. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. त्यानंतर तो परत आला नाही, याचं मोठं श्रेय दारोदार फिरणाऱ्या आशा आणि एएनएम (सरकारी परिचारिका) दीदींना आहे.

कुठं घ्यायच्या: सरकारी केंद्र की खासगी दवाखाना

इंदुरात वस्तीतल्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात साधारणपणे मंगळवारी आणि शुक्रवारी लसीकरण असतं. तुमच्या वस्तीचा दिवस आशा दीदींकडून नक्की करून घ्या. मोठ्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे एमवाय किंवा पी. सी. सेठीला, सोय जास्त दिवस असते. सकाळी लवकर जा, कार्ड आणि मोबाइल बरोबर न्या. नोंदणी सरकारच्या यू-विन या लसीकरण पोर्टलवर होते. त्यातून लशींचं प्रमाणपत्र निघतं आणि पुढच्या डोसची आठवणही मोबाइलवर येते.

"सरकारी लस हलकी असते" हे मी फार ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी खोडून काढलं आहे. सरकारी केंद्रातल्या लशी त्याच दर्जाच्या असतात. जगभरातल्या मुलांना जाणाऱ्या लशींचा फार मोठा वाटा आपल्याच देशात, पुण्या-हैदराबादेत तयार होतो.

खरा फरक एका ठिकाणी आहे आणि तो समजून घ्या. खासगीत 'पेनलेस' म्हणून जी देतात त्या लशीत डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारे, शुद्ध करून घातलेला असतो. तिनं ताप आणि सूज कमी येते, हे खरं. पण तिचं डांग्या खोकल्यावरचं संरक्षण तुलनेनं लवकर ओसरतं. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये जुना, पूर्ण जंतूचा घटक असतो. त्यानं एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, पण संरक्षण अधिक टिकतं. तापाच्या भीतीनं जास्त पैसे देण्याआधी हे डॉक्टरांना विचारा. ज्या बाळाला आधीच्या डोसनंतर फार त्रास झाला किंवा ज्याला झटके येतात, त्याच्यासाठी पेनलेसचा विचार करायला कारण आहे.

दोन्ही ठिकाणं मिसळूनही चालतात. यादीतल्या लशी केंद्रात आणि निवडक लशी खासगीत, असं असंख्य घरं करतात. फक्त प्रत्येक नोंद दोन्ही कागदांवर झाली पाहिजे.

निवडक लशी: आपल्या बाळासाठी कशा ठरवायच्या

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे आयएपी, सरकारी यादीखेरीज काही लशी सुचवते. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. काही लशी परवडत असतील तर सगळ्याच मुलांना द्याव्यात असं ती म्हणते: टायफॉइड, गालगुंड (एमएमआरमधून), इन्फ्लुएन्झा, हिपॅटायटिस ए, कांजिण्या. काही लशी फक्त विशेष परिस्थितीतल्या मुलांसाठी असतात: मेनिंगोकोकल (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची), रेबीज, कॉलरा, यलो फीव्हर, न्यूमोकोकलचा दुसरा प्रकार.

एखादी लस सगळ्यांना की निवडकांना, हे देशागणिक बदलतं, आणि यातलं तर्कशास्त्र कळलं की पुढचं सोपं होतं. बीसीजी आपल्याकडे प्रत्येक बाळाला देतात कारण क्षयरोग आपल्याकडे घरोघरी पोहोचू शकतो. इंग्लंडमध्ये तो कमी झाला, म्हणून २००५ पासून शाळांमधली सरसकट बीसीजी थांबली आणि आता ती निवडक बाळांना मिळते. गंमत अशी की आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोग जास्त असलेल्या देशात जन्मले असतील तर ते बाळ त्या निवडकांत येतं. म्हणजे इंदूरच्या आजीची लंडनमध्ये जन्मलेली नात तिथं बीसीजीला पात्र असते. तुमचं कुणी तिकडं असेल तर त्यांना हे सांगा.

आपल्याकडचं असंच उदाहरण जपानी मेंदूज्वराचं, म्हणजे जेईचं. हा विषाणू डुकरं आणि पाणपक्ष्यांत राहतो, भातशेतीत आणि साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत माणसात येतो. त्यामुळे लस फक्त ज्या जिल्ह्यांत धोका आहे तिथं दिली जाते. विदर्भातले काही जिल्हे त्यात आहेत. मध्य प्रदेशात २०२४ साली याची मोहीम झाली तेव्हा इंदूर जिल्हाही त्यात होता. म्हणून नवव्या महिन्याच्या भेटीत एएनएम दीदींना आवर्जून विचारा, "जेईचा टीका लागेल का?" जिथं ही लस देत नाहीत अशा जिल्ह्यांतून नव्यानं आलेल्या घरांना हा प्रश्न सुचतच नाही, कारण त्यांच्या आधीच्या कार्डावर हे नाव नव्हतं.

आता तुमच्या घराकडे बघू.

*पाणी आणि खाणं.* इंदूरचं मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की आजोबांचं बोट धरून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जातं आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जागतं. पाणीपतासे, बर्फाचा गोळा, कापलेली फळं हे त्याच्या बालपणात येणारच. म्हणून माझ्या मते इथल्या बाळाच्या निवडक यादीत टायफॉइडची लस पहिल्या क्रमांकावर हवी. नवी, कॉन्ज्युगेट प्रकारची लस सहा महिने पूर्ण झाल्यावर एकाच डोसात देता येते. जुन्या प्रकारची लस दोन वर्षांखाली उपयोगी पडत नव्हती, ती अडचण आता राहिली नाही. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये हीच लस मुलांना मोफत मोहिमेत दिली होती. शिवाय टायफॉइडच्या जंतूंवर अनेक जुनी अँटिबायोटिक्स आता चालत नाहीत. त्यामुळे होऊ न देणंच बरं.

हिपॅटायटिस एची गोष्ट उलटी आहे. ही दूषित पाण्यातून होणारी कावीळ. अगदी लहान मुलाला ती झाली तर बहुधा कळतही नाही, मोठेपणी झाली तर महिनाभर अंथरुणाला खिळवते, क्वचित यकृत निकामी करते. आपल्या आजी-आजोबांना ती लहानपणीच नकळत होऊन गेली आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळाली. आज आरओचं पाणी पिऊन वाढलेलं मूल तसंच कोरं राहून होस्टेलला जातं आणि तिथं आजारी पडतं. म्हणजे जितकं घर स्वच्छ तितकी या लशीची गरज जास्त. वर्षानंतर देतात. एका प्रकाराचा एकच डोस असतो, दुसऱ्याचे दोन.

*गालगुंड.* सरकारी लशीत गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. खासगीत मिळणाऱ्या एमएमआरमध्ये तिन्ही आहेत. नऊ महिन्यांची लस केंद्रात घेऊन १५ महिन्यांच्या सुमारास एमएमआर घेतली तर ती गोवर-रुबेलाचा डोस म्हणूनही धरता येते. मात्र कार्डावर तशी नोंद करून घ्या, नाहीतर दीदी तुमच्या बाळाला 'राहिलेलं' समजून शोधत येतील. गालगुंडाचा त्रास मुलग्यांमध्ये वयात आल्यावर वाढतो, आणि कानावर परिणाम कुणावरही होऊ शकतो.

*कांजिण्या.* पहिला डोस १५ महिन्यांना, दुसरा तीन महिन्यांनी. निरोगी लहान मुलाला कांजिण्या सहसा सोप्या जातात. घरात गरोदर बाई असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर मात्र त्या घरातल्या मुलाला ही लस देण्याचं कारण एकदम वजनदार होतं.

*इन्फ्लुएन्झा.* सहा महिन्यांनंतर पहिल्या वर्षी दोन डोस महिन्याच्या अंतरानं, मग दरवर्षी एक, पावसाळ्याच्या आधी. पाळणाघरात जाणारं, दम्याचं किंवा हृदयात जन्मजात दोष असलेलं मूल असेल तर टाळू नका. एरवी परवडत असेल तर घ्या.

पैशाची ओढाताण असेल तर माझा क्रम असा: टायफॉइड, मग एमएमआर, मग कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए, मग इन्फ्लुएन्झा. बाळाला काही आजार असेल तर हा क्रम बदलतो, तेव्हा डॉक्टरांचं ऐका. आणि उसने पैसे काढून या लशी घेऊ नका. यादीतल्या मोफत लशी वेळेवर झाल्या असतील तर सर्वांत जीव घेणाऱ्या रोगांपासून तुमचं बाळ सुरक्षित आहे.

*शरीर.* हा भाग थोड्याच घरांना लागू आहे, पण तिथं तो फार महत्त्वाचा. सिकलसेल असलेलं मूल (इंदूरच्या दवाखान्यांत झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून अशी मुलं येतात) किंवा प्लीहा काढलेलं मूल काही जंतूंशी नीट लढू शकत नाही. त्याला न्यूमोकोकलचा नेहमीचा क्रम पूर्ण करून दोन वर्षांनंतर दुसऱ्या प्रकारची न्यूमोकोकल लस आणि मेनिंगोकोकल लस लागते. किडनीच्या आजारासाठी बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाला गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लशी काही काळ थांबवाव्या लागतात. त्यामुळे कुठल्याही टेबलावर गेल्यावर मुलाची औषधं आधी सांगा. कमी दिवसांचं बाळ असेल तर वेळापत्रक जन्मतारखेपासूनच मोजायचं. "आधी वजन वाढू दे" म्हणून थांबू नका. अशा बाळालाच संसर्गाचा धोका जास्त असतो.

*प्रवास.* आफ्रिकेतल्या काही देशांत जाताना यलो फीव्हरची लस आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. परदेशातली नातवंडं सुट्टीत इंदूरला येणार असतील तर त्यांच्या आई-बाबांना निघण्याच्या महिनाभर आधी तिथल्या डॉक्टरांना टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि गोवराबद्दल विचारायला सांगा.

*कुत्रं.* घरात कुत्रा-मांजर असेल तर रेबीजची लस मुलाला आधीच देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. चावल्यावर मात्र निवड करायची नसते. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, आधी लस घेतली असली तरी.

लशीच्या दिवशी आणि नंतर

सर्दी, थोडा खोकला, साधे जुलाब, दात येणं या कारणांनी लस पुढं ढकलायची नसते. जोराचा ताप किंवा दवाखान्यात भरती करण्याइतका आजार असेल तरच थांबा. आधीच्या डोसनंतर श्वास कोंडला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या किंवा झटका आला होता, तर सुई टोचण्याआधी सांगा.

सुईच्या वेळी बाळाला अंगावर पाजा, रडणं लवकर थांबतं. नंतर अर्धा तास तिथंच बसा. तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा याच वेळात दिसते.

घरी ताप आला तर पॅरासिटामॉल द्या, ताप नसताना आधीच देऊ नका. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो लिहून घ्या. ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता फार वेगळी असते. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० च्या आसपास. सिरपच्या चमच्यानं ड्रॉप्स देणं धोक्याचं आहे. मांडी चोळू नका, शेकू नका, गार पाण्याची घडी ठेवा. तिथं छोटी गाठ काही आठवडे राहिली तर काळजी नको.

तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, बाळ लुळं पडणं, श्वासाला त्रास, किंवा रोटाव्हायरसनंतर थांबून थांबून किंचाळणं आणि शीमध्ये रक्त दिसणं, यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या. हे फार क्वचित होतं.

डोस चुकला किंवा गाव बदललं तर

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ इंदुरात जन्मतं, तीन महिन्यांनी सासरी पुण्याला किंवा नागपूरला जातं आणि दोन डोस मध्येच हरवतात. लक्षात ठेवा: क्रम कधीही पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. जिथं थांबला तिथून पुढं, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून पूर्ण करतात. काही लशींना मात्र वयाची मर्यादा आहे. रोटाव्हायरस आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. म्हणून चुकल्याचं कळलं त्याच आठवड्यात जा, ओशाळून घरी बसू नका. रागावतील म्हणून न येणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. कुणी रागावलं तरी बाळाची लस घेऊनच परत या.

गाव सोडण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि यू-विनवर नोंद ज्या मोबाइल नंबरनं आहे तो लिहून ठेवा. बहुतेक वेळा तो आजोबांचा निघतो. नव्या गावात यादीतल्या लशी त्याच असतात, जेईचं तेवढं तिथं विचारा.

पाचव्या वर्षानंतर

५ ते ६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, १० आणि १६ वर्षांना टीडी. मुलाला ताप-खोकला नसला की दवाखान्यात जायचं कारण उरत नाही, त्यामुळे या तिन्ही लशी सुटतात. मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दस्तक अभियानात दीदी घरी येतात, तेव्हा राहिलेलं व्हिटॅमिन ए आणि लशी दोन्ही विचारून घ्या.

मुलींसाठी नऊ वर्षं पूर्ण झाली की एचपीव्ही लशीचा विचार सुरू करा. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, १५ नंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही भारतीय लस उपलब्ध आहे. आरोग्य केंद्रात किंवा शाळेत सरकारी मोहिमेतून मिळत असेल तर तिथंच घ्या. १६ वर्षांचा टीडी दहावी-अकरावीच्या धांदलीत येतो. शाळेत आरोग्य पथक येणार असल्याची चिठ्ठी आली की सहमतीच्या जागी सही करून ती त्याच दिवशी दप्तरात परत घाला.